आई भाडेकरू नव्हती

अहो,

काल तुमची स्मरणसभा झाली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या तिवारींनी त्यांच्या घरची सतरंजी आणून अंगणात टाकली. सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. पास्टर म्हणाले, गायकवाड म्हणजे शांतीचा माणूस. मी दाराशी मागे बसले होते, नेहमीसारखी. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवली आणि माझ्याऐवजी आपल्या मंजूने आभार मानले.

पण सभा संपल्यावर मी बोलले. जाताना तुम्ही माझ्यावर एकच काम सोपवलं होतं. भालेरावांना तुमचं गीतांचं पुस्तक द्यायचं आणि त्या जुन्या गोष्टीबद्दल एक शब्दही काढायचा नाही. पुस्तक मी दिलं. शब्द मात्र काढला. एक नाही, पुष्कळ काढले. म्हणून आज मंजूच्या मुलीच्या जुन्या वहीची कोरी पानं घेऊन बसले आहे. तुमच्याशी भांडायला मला कधी जमलं नाही. तोंड उघडलं की रडू यायचं, रडू आलं की तुम्ही पाणी आणून द्यायचात, आणि भांडण तिथेच संपायचं. आता पाणी आणून द्यायला तुम्ही नाही. तेव्हा हे भांडण मी शेवटपर्यंत नेणार आहे.

बरखेड्याच्या कारखान्याच्या क्वार्टरपासून सुरुवात करते, कारण भांडण तिथलंच आहे. दोन खोल्या, मागे व्हरांडा, व्हरांड्यापुढे पेरूचं झाड. अप्पा गेल्यावर माझी आई आपल्याकडे राहायला आली. अप्पांनी बाप्तिस्मा घेतला होता, आम्हा मुलांनाही दिला. आईने घेतला नाही. ती म्हणायची, तुम्ही जा चर्चला, मी माझ्या जागी बरी आहे. गळ्यात माळ होती तिच्या. मांसमच्छी चालत नसे, आणि ज्या चुलीवर ती शिजते त्या चुलीवरचंही चालत नसे. मग मागच्या व्हरांड्यात तिने स्वतःचा रॉकेलचा स्टो मांडला, तीन भांडी मांडली, आपला ज्वारीचा डबा ठेवला. तुम्ही पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्या आणून तिला मांडणी ठोकून दिलीत. तिच्या स्टोवरची भाकरी मागून खायचात. ती बायकांना सांगायची, जावई सोन्यासारखा आहे, फक्त कोंबडी खातो.

तुम्ही पहिल्या पाळीला गेला होतात, तेव्हा ऑफिसातून दोन माणसं कागद घेऊन आली. क्वार्टरमध्ये कोणी पोटभाडेकरू ठेवलाय का ते बघायला. मी दाराआड उभी राहिले. परक्या माणसांपुढे यायची मला तेव्हा इतकी धास्ती होती की पदर धरून नुसती उभी राहिले, बाहेर काही गेले नाही. ती माणसं मागे गेली. आईचा स्टो बघितला. त्यातल्या एकाने अगदी आदराने विचारलं, "अम्मा, आप इन्हीं लोगों के साथ खाती हैं?"

आईला वाटलं, तो तिच्या सोवळ्याबद्दल विचारतोय. ताठ बसली आणि जमेल तशा हिंदीत म्हणाली, "नहीं. हमारा सब अलग है. चूल्हा अलग, अनाज अलग, बर्तन अलग. हम किसी का नहीं खाते."

किती अभिमानाने म्हणाली ती. माझ्या कानात अजून आहे. त्या माणसाने ते सगळं लिहून घेतलं. दोन चुली म्हणजे दोन संसार, हे कोणालाही कळतं. त्या बिचाऱ्याची काय चूक?

तुम्ही ऑफिसात जाऊन सांगून आलात की ती माझी सासू आहे. पण रेशनकार्डावर तिचं नाव नव्हतं, ते गावाकडच्या कार्डावर होतं, आणि तिच्याच तोंडचं म्हणणं कागदावर होतं. क्वार्टर रद्द झालं. पंधरा दिवसांत आपण मिसरोदला एका खोलीत आलो. ज्या दिवशी सामान हललं त्या दिवशी आईने आपली तीन भांडी पोत्यात बांधली. म्हणाली, माझ्या जिभेनं तुझं घर गेलं. तुम्ही तिला किती समजावलंत, मी किती रडले. ती ऐकेना. वर्ध्याकडे मामाच्या गावी गेली. पाच महिन्यांनी तिथेच वारली. मामी सांगत होती, शेवटी शेवटी कोणी काही विचारलं तरी बोलायची नाही, तोंडावर हात धरून बसायची.

आपलं क्वार्टर भालेरावांना मिळालं. चर्चमधले आपले यशवंत भालेराव, स्टोअरमधले क्लार्क. त्यांचं नाव यादीत पुढचं होतं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. कोणाला तरी मिळणारच होतं.

आई गेल्यानंतर पहिल्या उपवासकाळातली, ईस्टरच्या आधीच्या दिवसांतली गोष्ट. संध्याकाळच्या प्रार्थनेला आपण तिघं बसलो होतो. तुम्ही नेहमीचं सगळं मागितलंत, आजाऱ्यांसाठी, कारखान्यासाठी, मंजूच्या परीक्षेसाठी. आणि मग त्याच आवाजात म्हणालात, "प्रभू, यशवंत भालेरावला आशीर्वाद दे. त्याने आमच्याविरुद्ध जे केलं ते त्याच्यावर धरू नकोस."

मी डोळे उघडले. तुमचे मिटलेले होते.

मंजू अभ्यासाला बसल्यावर मी विचारलं, तेव्हा तुम्ही सांगितलंत. ऑफिसात एक बिननावाची तक्रार आली होती. साहेबांनी ती टेबलावरून तुमच्यापुढे सरकवली होती आणि तुम्ही अक्षर ओळखलं होतं. चर्चच्या दाराशी दर महिन्याला लागणारी मराठी उपासनेची नोटीस त्याच अक्षरात असायची. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? तुम्ही म्हणालात, "एका घरात एकाने रागावलेलं पुरे असतं. माझा राग मी संपवला, मग तुला सांगितलं."

तेव्हापासून रोज तुम्ही ते नाव घेत राहिलात आणि रोज त्या ठिकाणी माझं आमेन गळत राहिलं. तुम्हाला ते कळत होतं. त्या नावानंतर तुम्ही जरासे थांबायचात, ओळखीची बाई धावत येताना दिसली की मिसरोदची मिनीबस थांबते तसे. मी काही यायची नाही. मग तुम्ही पुढे जायचात.

पाच-सात मराठी घरं आपली. दुसऱ्या रविवारी दुपारी हिंदी मंडळीचं चर्च आपल्याला मिळायचं. कोणाला टाळायचं म्हटलं तर जागा कुठे होती? घरगुती प्रार्थना पाळीपाळीने सगळ्यांच्या घरी, म्हणजे भालेरावांच्याही घरी, म्हणजे आपल्याच घरी. मी एकदाच गेले. त्यांच्या मिसेसने चहा दिला, फार अगत्य केलं. हात धुवायला मागे गेले तर तुम्ही ठोकलेली मांडणी तिथेच होती. तिच्यावर चपला ठेवल्या होत्या. त्यांना काय माहीत. पण मी पुन्हा गेले नाही. तुम्ही जात राहिलात. जाताना मला एकदाही म्हणाला नाहीत की चल. याबद्दल मी तुमची आभारी आहे. दुसऱ्या कोणी मला वचनं ऐकवली असती.

वाद आपण घातलाच नाही असं नाही. एकदा घातला. शेंगा निवडत होतो. मी म्हटलं, देव न्यायी आहे ना? तुम्ही म्हणालात, आहे. मी म्हटलं, मग त्यांना क्वार्टर आणि आपल्याला ही खोली, हा कुठला न्याय? तुम्ही म्हणालात, "त्याचं घर गेलं तर तुझं परत येणार आहे का?" मी म्हटलं, मला घर नकोच आहे. तुम्ही शेंग हातात धरून विचारलंत, "मग काय हवंय तुला?"

मला सांगता आलं नाही. काहीतरी हवं होतं, पण चौथीपर्यंतच्या शाळेत त्याला शब्द शिकवला नव्हता. तुम्ही पुढची शेंग घेतलीत.

आणि ते पत्र. ते मी लिहिलं होतं, तुम्ही कधी विसरला नसाल. पुढे भालेरावांची मुलगी-जावई मुलांना घेऊन त्यांच्याकडे येऊन राहिले. चर्चमध्ये बायका बोलत होत्या की आता त्या घरात दोन गॅस आहेत. मला रात्रंदिवस तेच. शेवटी एका दुपारी मी वहीचं पान फाडलं आणि ऑफिसच्या साहेबांना आठ ओळी लिहिल्या. खाली नाव घातलं नाही. तुम्ही पाळीवरून आलात तेव्हा ते तांदळाच्या डब्याखाली होतं आणि एक कोपरा बाहेर राहिला होता. तुम्ही ते काढून उभ्याउभ्या वाचलंत. मला वाटलं, आता ओरडाल. निदान एखादं वचन तरी काढाल.

"अक्षर चांगलं आहे तुझं," तुम्ही म्हणालात. "सही राहिली."

पत्रावर तुमचं पेन ठेवलंत आणि हातपाय धुवायला गेलात. तो नळ किती वेळ चालू ठेवला होतात तुम्ही. मी पेन उचललं, टोपण काढलं, पण नाव लिहिता येईना. जे लिहिलं होतं त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. तरी नाव लिहिता येईना. मग मी ते पान फाडून टाकलं. पुन्हा तुम्ही त्याचा विषय काढला नाहीत, चिडवायलासुद्धा नाही. तुम्हाला चिडवायची किती सवय, पण ते नाही काढलंत.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. जे नाव घालून म्हणता येत नाही ते न्यायाचं नसतं. हे तुम्हीच शिकवलंत. मात्र त्याची दुसरी बाजू तुम्ही स्वतः पाहिली नाहीत, आणि माझं भांडण तिथे आहे.

आता जे कधी बोलले नाही ते लिहिते.

तुम्हाला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. आई त्यानंतर पाच महिने जिवंत होती. तुम्ही मला सांगितलं असतंत तर मी वर्ध्याची गाडी पकडून गेले असते आणि तिला म्हटलं असतं, आई, तुझ्या जिभेनं काही झालं नाही गं. कोणीतरी आधीच पत्र लिहिलं होतं. तू काही बोलली नसतीस तरी ती माणसं आलीच असती. एवढं एक वाक्य. ते ऐकून तिने तोंडावरचा हात काढला असता. तुम्ही भालेरावांना माझ्या रागापासून वाचवलंत. त्या दयेत आई कुठे होती?

हे तुमच्यावर मी एवढी वर्षं धरलं. तुमच्या बाजूला बसून, तुमचा डबा भरून, तुमच्या पायांना तेल लावून धरलं. माझाही वाटा त्यात आहे, तो लपवत नाही. मी दाराबाहेर आले असते आणि म्हटलं असतं की ही माझी आई आहे, तर कदाचित कागदावर वेगळं काही लिहिलं गेलं असतं. भालेरावांचं पत्र, आईचं बोलणं, माझं न बोलणं, तुमचं न बोलणं. रोज संध्याकाळी तुम्ही यातल्या एकाच माणसासाठी क्षमा मागत होतात. म्हणून माझं आमेन येत नव्हतं. मला त्यांचा एकट्याचाच राग होता असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नव्हतं.

तुम्ही आजारी पडलात त्या दीड महिन्यात मला हे बोलायचं होतं. तुमचा हात इतका हलका झाला होता. बोलले नाही. त्याऐवजी तुम्हीच एक दिवस म्हणालात, माझं गीतांचं पुस्तक भालेरावला दे, त्याचं फाटलंय. आणि त्याला काही बोलू नकोस, त्याला लाज वाटेल. मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याला तुम्ही आयुष्यभर होकार समजत आलात.

तुम्ही गेल्यावर मी बायबल घेऊन बसले. मला हळूहळू वाचता येतं, तुम्हाला माहीत आहे, बोट ठेवून. प्रभूने वैऱ्यावर प्रीती करायला सांगितलं ते वाचलं, क्रुसावर त्याने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली ते वाचलं. ते तुम्ही रोज करत होतात. मग पुढे वाचलं. तो उठला, शिष्यांकडे आला, आणि त्याने त्यांना हात दाखवले. व्रण झाकले नाहीत. जे पळून गेले होते त्यांनाही शांती दिली, पण व्रण दाखवून दिली. मी त्या ओळीवर बोट ठेवून किती वेळ बसले. मला वाटलं, हे आपल्या घरात कोणी केलंच नाही. तुमच्याएवढं वाचन नाही माझं, पण हे मला पक्कं कळलं आहे आणि यातून मी आता मागे हटणार नाही. तुमची दया खरी होती. पण ती तुमच्या आणि देवाच्या मधेच राहिली. ज्याच्यासाठी होती त्याच्यापर्यंत ती पोचलीच नव्हती.

काल भालेराव उशिरा आले. दोन मिनीबस बदलून, काठी घेऊन. मिसेस गेल्यापासून फार वाळलेत. सतरंजीच्या कडेला बसले. लोक जेवायला बसले तेव्हा ते मागे नळापाशी गेले. मी पुस्तक घेऊन मागोमाग गेले.

"भाऊजी, यांनी हे तुमच्यासाठी ठेवलंय," मी म्हटलं. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. इथे मी थांबायचं होतं. थांबले नाही. म्हटलं, "ते क्वार्टरचं पत्र तुम्ही लिहिलं होतं."

त्यांनी वर बघितलं नाही. तसंच विचारलं, "गायकवाडांना ठाऊक होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. रोज संध्याकाळी तुमचं नाव घेऊन तुमच्यासाठी प्रार्थना करत होते."

ते मागच्या पायरीवर बसले. काठी खाली पडली ती त्यांनी उचलली नाही. मग सांगायला लागले. म्हणाले, मला संशय होताच. ते माझ्या घरी प्रार्थनेला यायचे तेव्हा मी डोळे मिटून वाट बघायचो, की आता बोलतील, आता बोलतील. एकोणीस वर्षं वाट बघितली, वहिनी. एकदा बोलले असते तर मी पाय धरले असते.

मी म्हटलं, "तोंड तुम्हालाही होतं की."

"होतं," ते म्हणाले. "पण तो माणूस इतका चांगला वागायचा की बोलायला जागाच सापडायची नाही."

ऐका हे. तुमच्या चांगुलपणाबद्दल काल अंगणात सात जण बोलले, पण सगळ्यात खरं ते मागे नळापाशी बोललं गेलं. मला हसूही आलं आणि तुमची कीवही आली. तुम्ही थांबायचात माझ्यासाठी, ते थांबायचे तुमच्यासाठी, आणि बोलत कोणीच नव्हतं.

मी म्हटलं, मी तुम्हाला क्षमा करते. असंच म्हटलं, साध्या आवाजात, आणि म्हणताना मला कळलं की ते खरं आहे. मी तुम्हालाही केली आहे, अहो. त्याच वाक्यात दोघांना केली, त्यांना ते माहीत नाही. आणि दाराआड उभी असलेली ती बाई, तिलाही. देवाने ते ऐकलं याची मला खात्री आहे. पण तेवढ्यावर सोडलं नाही मी. म्हटलं, आता काय झालं ते ऐका. मागे जी राहायची ती भाडेकरू नव्हती. ती माझी आई होती. स्टो तिच्या माळेसाठी वेगळा होता. ती गेली ती स्वतःच्या जिभेला दोष देत गेली.

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मला क्वार्टर हवं होतं, हे खरं आहे. पण वेगळी चूल बघून मला वाटलं होतं की कोणी परकी बाई भाड्याने ठेवली आहे. विचारलं नाही मी कोणाला." मग म्हणाले, "विचारलं असतं तर लिहिता आलं नसतं."

इतकं खरं बोलणं मी चर्चमध्येही फार ऐकलेलं नाही. पुढे मंजू वाढपाला हाका मारत होती, मी गेले नाही. भालेरावांनी डोळे पुसले, चष्मा घातला, आणि माझ्याकडे नीट बघून विचारलं, "काय नाव होतं त्यांचं?"

अहो, शेंगा निवडताना तुम्ही विचारलं होतंत ना, काय हवंय तुला. हे हवं होतं. इतक्या वर्षांत तिचं नाव मला कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही तर तिला आईच म्हणायचात.

मी सांगितलं, गिरजाबाई.

त्यांनी ते हळूच एकदा म्हणून बघितलं. मग विचारलं, कुठल्या त्या, कशा होत्या. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि सांगायला लागले. पंगत उठली, तिवारींनी सतरंजी झटकून नेली, तरी मी सांगतच होते.